मी सोडलेली सीट

गुडगावात मुलाच्या घरी चौदाव्या मजल्यावर राहायला आल्यापासून हिवाळा मला वरून दिसतो. डिसेंबर सरत आला की एखाद्या सकाळी पडदा सारावा आणि समोरच्या इमारती नाहीशा झालेल्या असाव्यात, असं होतं. खालून वॉचमनची शिट्टी ऐकू येते, वॉचमन दिसत नाही. नात शाळेचा स्वेटर डोक्यातून ओढत खिडकीशी येते आणि म्हणते, "आबा, कोहरा बघा किती." मी म्हणतो, धुकं म्हण. ती म्हणते, एकच तर आहे. मुलगा मोबाइलवर बघून सांगतो की आज पुढचं काही दिसायचं नाही, आणि सून आपली सहज बोलून जाते, स्कूलबसचा ड्रायव्हर तेवढा बघून चालवो म्हणजे झालं.

मी तिथून उठतो आणि आत जाऊन बसतो. घरातल्यांना वाटतं, धुक्याचा माझ्या छातीला त्रास होतो. मी त्यांना तसं वाटू देतो. लोकांना जे वाटतंय ते वाटू देणं मला फार पूर्वीपासून जमतं. ते कधी जमायला लागलं, तेच आज लिहितो आहे.

ऐंशीच्या दशकाची शेवटची वर्षं. मी केंद्र सरकारच्या एका मंत्रालयात सेक्शन ऑफिसर होतो. दिल्लीत सरकारी क्वार्टर मिळायला अजून बराच अवकाश होता, म्हणून आम्ही फरीदाबादला दोन खोल्यांच्या घरात राहत होतो. मी, उषा आणि दोन लहान मुलं. सकाळी आठला कोपऱ्यावरून चार्टर्ड बस सुटायची. चार्टर्ड म्हणजे ऑफिसला जाणाऱ्यांनी मिळून ठरवलेली खासगी बस. रोजची तीच माणसं, रोजच्या त्याच जागा. एखादा आला नाही तर त्याची सीट रिकामी जायची, पण सहसा दुसरा कुणी तिच्यावर बसायचा नाही.

माझी जागा सगळ्यात पुढे होती. ड्रायव्हरच्या डाव्या हाताला, दाराच्याही पुढे, थेट मोठ्या काचेला लागून एकच सीट होती. सहा वर्षं मी तिथे बसलो. अख्खा मथुरा रोड माझ्यासमोर उलगडत यायचा. त्या काळी फरीदाबाद आणि बदरपूरच्या मध्ये अजून शेतं होती. जानेवारीत मोहरी फुलायची आणि राखाडी सकाळी तेवढाच पिवळा पट्टा उजळ दिसायचा. वीटभट्ट्यांचा धूर वर न जाता जमिनीलगत पसरायचा. बसमध्ये ओल्या लोकरीचा, संत्र्याच्या सालींचा आणि कुणाच्या तरी डब्यातल्या मुळ्याच्या पराठ्याचा वास भरलेला असायचा. दुपारी ऑफिससमोरच्या हिरवळीवर अर्धं मंत्रालय उन्हाला पाठ देऊन शेंगा सोलत बसायचं. दिल्लीचा हिवाळा तेव्हा मला फार आवडायचा. एवढं सुख नंतर कुठल्या ऋतूत मिळालं नाही, आणि तेही त्या सहाव्या वर्षी संपलं.

ड्रायव्हरचं नाव रामफल. पलवलच्या बाजूच्या गावाकडचा, पन्नाशीचा, जाड मिशांचा, मोजकं बोलणारा माणूस. सहा वर्षं शेजारी बसून आमची एक वेगळीच ओळख झाली होती. फार गप्पा नसायच्या, पण तो गिअर टाकण्याआधी मला कळायचं की आता टाकणार. एका पावसाळ्यात माझ्या धाकटीला काविळीचा जोर झाला आणि सकाळी रिक्षा मिळेना, तेव्हा रामफलने भरलेली बस आमच्या गल्लीच्या तोंडाशी आणली होती. उषा आणि मुलीला आधी हॉस्पिटलच्या दारात उतरवलं आणि मग सगळ्यांना ऑफिसला नेलं. कुणी कुरकुर केली असेल तर त्याने ती मागे वळून ऐकलीही नाही. हे मी मुद्दाम सांगतो आहे, कारण पुढे मी जे केलं त्याला मी कितीतरी दिवस ह्याच उपकाराचं नाव देत होतो.

काय काय दिसत गेलं, ते मला आजही क्रमाने सांगता येतं. मी बेसावध असतो तर निदान ते सांगता आलं नसतं.

दिवाळीच्या आसपास पहिल्यांदा लक्षात आलं की रामफल काच फार पुसतो. बसमध्ये जुन्या वर्तमानपत्राचा बोळा असायचा. आतून वाफ धरली की ड्रायव्हर काच पुसतातच. पण त्या दिवशी काच कोरडी होती, ऊन पडलेलं होतं, आणि तो सिग्नलला थांबला की पुसायचा. पुन्हा पुढच्या सिग्नलला. मी म्हटलं, साफ तो है. तो म्हणाला, हां साहब, धूल बहुत है. मी काचेकडे बघितलं. धूळ नव्हती.

मग संध्याकाळी परतताना तो दुसऱ्या कुठल्यातरी बसच्या मागे लागायला लागला. एरवी कुणाच्या मागे राहणं त्याला पटायचं नाही. आता एखादी मोठी बस पुढे आली की तिच्या लाल दिव्यांवर नजर लावून तो सबंध रस्ता काढायचा. समोरून उजेड आला की मान तिरकी करायचा, एक डोळा मिटायचा. मग बस थांब्याच्या दहा पावलं पुढे जाऊन थांबायला लागली. धावत येऊन चढणारी माणसं हसायची, म्हणायची, रामफल आजकल दौड़ लगवाता है. रस्त्यातला प्रत्येक स्पीडब्रेकर त्याला पाठ होता, पण नवा कुठे घातला की आम्ही सगळे सीटवरून उडायचो. एकदा त्याने मला एक चिठ्ठी वाचायला दिली आणि म्हणाला, चश्मा घर रह गया. सहा वर्षांत मी त्याला चष्मा लावलेला कधीच पाहिला नव्हता.

दिल्लीच्या बॉर्डरपाशी चहासाठी पाच मिनिटं थांबायचो. तिथे एका सकाळी मी पाहिलं की तो चहाचा ग्लास घ्यायला हात पुढे करतो, पण ग्लास जिथे आहे तिथे नाही. बोटं आधी टेबलावर टेकतात, मग सरकत सरकत ग्लासापर्यंत जातात. ग्लास हाताला लागला की तो तोंड दुसरीकडे फिरवतो. आपल्याला कुणी पाहिलं का, हे बघायला. मी पटकन माझ्या चहात बघायला लागलो.

मला तेव्हाच कळलं होतं. कळल्याचं स्वतःलाही न सांगता कळलं होतं.

घरी जेवताना मी उषाला म्हटलं, रामफलला हल्ली नीट दिसत नाही बहुतेक. ती वाढता वाढता थांबली. म्हणाली, अहो, मग सांगा ना कुणाला तरी. मी म्हटलं, सांगून काय, त्याची नोकरी जाईल, त्याने आपल्या मुलीसाठी एवढं केलं. ती म्हणाली, "त्यालाच सांगा मग. डोळे दाखव म्हणावं. एवढं तर सांगू शकता." मी म्हटलं, बघू.

हे 'बघू' किती दिवस चाललं ते विचारू नका. बसची सगळी व्यवस्था खन्नाजी नावाचे एक गृहस्थ बघायचे, मागून तिसऱ्या ओळीत बसायचे. त्यांच्यापर्यंत दोनदा गेलो आणि हवापाण्याच्या गप्पा मारून परतलो. रामफलच्या शेजारी तर मी रोज दीड तास बसत होतो. शब्द तयार असायचे. रामफल, एक बार आंखें दिखा लो. एवढंच वाक्य. पण ते म्हटलं की त्याला कळणार की मी पाहिलंय. एका स्वाभिमानी माणसाच्या तोंडावर ते कसं म्हणायचं, असं मी स्वतःला सांगायचो. खरं तर मला त्या क्षणाचा अवघडलेपणा नको होता. बाकी काही नाही.

डिसेंबरच्या सुरुवातीला एका सकाळी, चांगलं उजाडलेलं असताना, डावीकडून एक दूधवाला सायकलवर आला. दोन्ही बाजूंना दुधाच्या मोठ्या कॅन लटकलेल्या. तो सरळ समोर आला तरी रामफलचा पाय ब्रेकवर जाईना. मी ओरडलो. रामफलने करकचून ब्रेक दाबला, सायकल कडेच्या मातीत गेली, कॅन एकमेकांवर आपटल्या आणि दूधवाल्याने शिव्या दिल्या. मागे सगळे पुढच्या सीटवर आपटून सावरले. रामफलने गाडी पुन्हा काढली आणि बऱ्याच वेळाने म्हणाला की हे दूधवाले कुठूनही घुसतात. मी म्हटलं, हां. काचेपासून माझे गुडघे एका वितीवर होते, हे त्या दिवशी मला पहिल्यांदा दिसलं.

दुसऱ्या दिवशी मी मागे जाऊन बसलो. सातव्या ओळीत, खिडकीशी. विचारणाऱ्यांना सांगितलं की पुढे दाराच्या फटीतून वारा येतो, पाय गारठतात, डॉक्टरने जपायला सांगितलंय. डॉक्टर वगैरे कुणी नव्हता. रामफलने आरशातून एकदा माझ्याकडे पाहिलं.

पुढची सीट तीन-चार दिवस रिकामीच होती.

मग साळवेबाई आल्या. मार्था साळवे मूळच्या अहमदनगरच्या, दिल्लीत वाढलेल्या, शेजारच्या मंत्रालयात स्टेनोग्राफर. चालणं इतकं झपझप की बस सुटली असं वाटताना त्या शाल उडवत येऊन चढायच्या. बसमध्ये मराठी बोलणारे आम्ही दोघंच. माझ्या मुलांसाठी दर नाताळात त्या करंज्या आणि केक पाठवायच्या, उषा संक्रांतीला त्यांच्याकडे तिळगूळ द्यायची. त्यांना बस लागायची. मागे बसलं की त्यांच्या पोटात ढवळायचं, लवंग चघळत, डोळे मिटून त्या कसाबसा प्रवास करायच्या. त्या दिवशी माझ्या सीटजवळ येऊन त्यांनी विचारलं, "दामलेजी, तुम्ही पुढे बसणार नसाल तर मी बसू का? काचेतून समोर बघत राहिलं की मला बरं वाटतं."

ह्या प्रश्नाला उत्तर द्यायला मला किती वेळ मिळाला होता? चार-पाच सेकंद असेल. चार-पाच सेकंद पुष्कळ असतात. त्या वेळात मी दूधवाला पाहिला, माझे गुडघे पाहिले, आणि हेही पाहिलं की नको म्हटलं तर का ते सांगावं लागेल.

मी म्हटलं, "बसा ना, बिल्कुल बसा."

त्यांनी आभार मानले. खन्नाजी मागून म्हणाले, दामले साहब ने लेडीज के लिए अपनी सीट दे दी, इसे कहते हैं शराफत. दोन-चार जण हसले, कुणी माझ्या पाठीवर थाप मारली. मी हसलो. ते हसू मला अजून माझ्या तोंडावर जाणवतं, एखादं न धुतलेलं काहीतरी जाणवावं तसं.

पाच आठवडे त्या तिथे बसल्या. त्यांना खरंच बरं वाटत होतं. लवंगांची डबी बंद झाली. उतरताना त्या मला हसून मान डोलवायच्या. मी सातव्या ओळीतून रोज समोरचा रस्ता बघत असायचो. दोन ओळींच्या मधल्या फटीतून काचेचा एक तुकडा दिसायचा, तेवढ्यातून. ऑफिसात फाइल उघडली की वाटायचं, आज संध्याकाळी खन्नाजींशी बोलायचं. संध्याकाळी बस सुखरूप पोचली की वाटायचं, आपलंच मन वाईट, काही होत नाही. प्रत्येक सुखरूप दिवस माझ्या बाजूने साक्ष देत होता. धुकं वाढलं तसं मला उलट हलकं वाटायला लागलं, कारण आता सगळेच ड्रायव्हर हळू चालवत होते, सगळ्यांनाच दिसत नव्हतं. रामफल त्या गर्दीत लपला. त्याच्याबरोबर मीही.

संक्रांतीच्या आदल्या दिवसाची सकाळ. रस्त्यात जागोजागी संध्याकाळच्या लोहडीच्या शेकोट्यांसाठी लाकडं रचून ठेवलेली होती. उषाने बसमधल्या मंडळींना वाटायला तिळाच्या लाडवांचा डबा माझ्याबरोबर दिला होता. धुकं होतं, पण विरत चाललं होतं. सूर्य पांढऱ्या थाळीसारखा वर आलेला होता. बदरपूरच्या अलीकडे रस्त्याच्या डाव्या कडेला उसाने भरलेली एक ट्रॅक्टर-ट्रॉली उभी होती. मागे दिवा नव्हता, पण ऊस दिसत होता. मला दिसला. सातव्या ओळीतून, दोन डोक्यांच्या मधून मला तो दिसला, आणि बस त्याच्याकडे तशीच चाललेली दिसली. माझं तोंड उघडलं. मनात आलं, त्याला दिसलंच असेल. उगाच ओरडलो तर सगळे बघतील.

मग तो आवाज झाला.

कुणी दगावलं नाही. बसची डावी पुढची बाजू आत गेली होती. काचेचे बारीक खडे सगळीकडे, आणि त्यांत पांढरे लाडू सीटखालून घरंगळत पुढे चाललेले. साळवेबाई ओरडत नव्हत्या. त्या एका सुरात म्हणत होत्या, माझा पाय बघा, माझा पाय बघा. पत्रा वाकवून त्यांना काढायला बराच वेळ लागला. मीच काढलं त्यांना, आणखी दोघांनी हात लावला. एक मोटार थांबवली, त्यांचं डोकं मांडीवर घेऊन मी हॉस्पिटलपर्यंत गेलो. रस्ताभर त्या माझी बाही धरून होत्या. डावा गुडघा चुरला होता. त्या वर्षात तीन ऑपरेशनं झाली आणि तरी तो पुन्हा वाकला नाही. पुढे त्यांनी नोकरी सोडली, कारण त्यांचं ऑफिस तिसऱ्या मजल्यावर होतं आणि लिफ्ट महिन्यातून पंधरा दिवस बंद असायची.

हॉस्पिटलच्या व्हरांड्यात त्यांचे यजमान आले. साळवे एका शाळेत गणित शिकवायचे, शांत माणूस. त्यांनी माझे दोन्ही हात हातात घेतले. तुम्ही होतात म्हणून ती वाचली, असं म्हणाले आणि रडले. माझ्या स्वेटरवर त्यांच्या बायकोचं रक्त होतं. मी त्यांना थोपटलं.

पोलिसांनी सगळ्यांचे जबाब घेतले. हवालदाराने मला विचारलं की ड्रायव्हर ठीक होता का. मी म्हटलं, कोहरा बहुत था. त्याने लिहून घेतलं. माझ्यानंतरच्या माणसानेही तेच सांगितलं, आणि त्याच्या नंतरच्यानेही. त्यांना ते खरं वाटत होतं. फरक एवढाच.

घरी गेलो तेव्हा उषाने मला धडधाकट बघून भिंतीला टेकून रडून घेतलं. दुसऱ्या दिवशी सकाळी चहा देताना तिने विचारलं, त्या सीटवर कोण होतं. मी सांगितलं. ती स्वयंपाकघरात निघून गेली. ह्या विषयावर ती माझ्याशी नंतर कधी बोलली नाही. तिने मला दोष दिला असता तर मी भांडलो असतो, माझी बाजू मांडली असती. तिने ती संधी दिली नाही.

मार्चमध्ये, सावरीची लाल फुलं रस्त्यावर पडायला लागली तेव्हा, मी रामफलला भेटायला त्याच्या गावी गेलो. बसमालकाने त्याला काढलं होतं. केस फारशी पुढे गेली नाही, कारण सगळ्यांनी धुकंच सांगितलं होतं. तो अंगणात खाटेवर बसला होता, म्हशीला चारा टाकून नुकताच आलेला. मला त्याने लांबूनच ओळखलं, नावाने हाक मारली. मोतीबिंदू होता, दोन्ही डोळ्यांत. फेब्रुवारीत जवळच्या शिबिरात एका डोळ्याचं ऑपरेशन झालं, दुसऱ्याचं व्हायचं होतं. तो म्हणाला की घरी आल्यावर त्याला पहिल्यांदा कळलं की सुनेने खोलीला हिरवा रंग दिलाय. तो रंग देऊन वर्ष झालं होतं. पंधरा दिवसांचं काम होतं, साहब, असं तो म्हणाला.

त्याच्या घरून ताक आलं. मी ते पीत होतो तेव्हा तो म्हाताऱ्या माणसासारखा हळूहळू बोलायला लागला.

"साहब, आपको पता था न?"

मी ग्लास खाली ठेवला.

"जिस दिन आप पीछे जाकर बैठे, मैं समझ गया कि आपको पता चल गया है. मैं खुद किस मुंह से कहता? लाइसेंस चला जाता. मैंने सोचा, चलो, अब दामले साहब बोलेंगे. आप बोल देंगे तो मुझे गाड़ी छोड़नी ही पड़ेगी. मैं रोज़ राह देखता रहा."

त्याच्या आवाजात राग नव्हता. त्याने स्वतःलाही सोडलं नव्हतं. मी चालवत राहिलो हे माझं पाप आहे, असं तो म्हणाला. फक्त मला काय वाटत होतं ते त्याला जाणून घ्यायचं होतं. मी त्याला काय सांगणार होतो? तुझी नोकरी जाऊ नये म्हणून गप्प बसलो, असं म्हणालो असतो तर त्याने कदाचित मान्यही केलं असतं. पण मग मी सीट का सोडली? नोकरीची काळजी असलेला माणूस आपल्या जागेवर बसून राहतो. ह्या प्रश्नापाशी माझा सगळा चांगुलपणा संपतो, तिथेही संपला. मी उठलो. त्याने मला फाटकापर्यंत सोडलं आणि खड्डा आहे, जपून, असं सांगितलं.

त्यानंतर आम्हाला दिल्लीत क्वार्टर मिळालं, मुलं मोठी झाली, मी निवृत्त झालो, उषा गेली. साळवेंशी येणंजाणं राहिलं. दर नाताळात मी जायचो. साळवेबाई काठी टेकत दार उघडायच्या, डावा पाय सरळ ठेवून खुर्चीत बसायच्या. त्यांच्या मुलीला, रूथला, लहानपणापासून एकच सांगितलं गेलं होतं की हे दामले अंकल, ह्यांनी मम्मीला वाचवलं. ती मला वाकून नमस्कार करायची. मी तो घ्यायचो. तीसहून अधिक वर्षं घेतला.

दोन वर्षांपूर्वी साळवे वारले. प्रार्थनेला गेलो तर रूथने मला पुढच्या रांगेत, घरच्या माणसांत बसवलं. जमलेल्यांसमोर बोलताना तिने माझं नाव घेतलं. लोकांनी माना उंचावून माझ्याकडे बघितलं, काहींनी हात जोडले. मला वाटलं, आता उठून ओरडावं. पण ट्रॉली दिसली तेव्हा ओरडलो नव्हतो, तसाच इथेही बसून राहिलो.

आठवड्याने मी एकटाच साळवेंच्या घरी गेलो. मेट्रोने. मेट्रो आता मथुरा रोडच्या वरून जाते, बदरपूर खिडकीतून क्षणभर दिसतं आणि जातं. रूथ कामावर गेली होती. साळवेबाई उन्हात बसल्या होत्या. मी चहा नको म्हटलं आणि बोलायला लागलो. दिवाळीपासून. काच पुसायचा बोळा, लाल दिवे, चहाचा ग्लास, दूधवाला. मग सीट. मग सातव्या ओळीतून दिसलेला ऊस. संपल्यावर त्यांनी दोनच गोष्टी विचारल्या. मी सीट मागितली तेव्हा तुम्हाला माहीत होतं? मी म्हटलं, हो. आणि ट्रॉली दिसत होती? मी म्हटलं, हो, दिसत होती.

ऊन त्यांच्या खुर्चीवरून सरकलं होतं. मी खुर्ची हलवायला उठलो तर त्यांनी हाताने थांबवलं.

"त्या दिवसापासून मी रोज देवाचे आभार मानत आले," त्या म्हणाल्या. "तुम्ही त्या सीटवर नव्हतात म्हणून. तुमची मुलं लहान होती. मला वाटायचं, माझं जे झालं त्यातून एवढं तरी चांगलं झालं. आता त्या प्रार्थनेचं मी काय करू, ते सांगा."

बऱ्याच वेळाने मी निघालो. दारापाशी विचारलं, पुन्हा येऊ का? त्या काठीवर दोन्ही हात ठेवून उभ्या होत्या.

"या. पण माफ केलंय असं समजून येऊ नका."

मी जातो. महिन्यातून एकदा, बहुतेक शनिवारी. रूथला त्यांनी सांगितलंय. ती आता नमस्कार करत नाही, पाणी आणून देते. कधी आम्ही भाज्यांबद्दल बोलतो, कधी नगरबद्दल. कधी साळवेबाई मधेच त्या दिवसांतलं काहीतरी विचारतात, की अमुक दिवशी रामफल कसा चालवत होता, मी तेव्हा काय करत होते, तुम्ही काय करत होतात. मला जे दिसलं होतं तेवढंच मी सांगतो. त्यात काही घालत नाही, आणि काही वगळतही नाही.